सत्तेचाळीस हात तार

वालुरात महानंदाअक्कांच्या दाराशी गेलं की आधी परवाना दिसायचा, मग अक्का. लोक देवाची तसबीर किंवा लग्नातला फोटो घरात भिंतीला लावतात. अक्कांनी दिल्लीहून आलेला इंग्रजी कागद काचेच्या चौकटीत घालून दाराच्या बाहेरच्या अंगाला, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नाकासमोर ठोकला होता. आमच्या गल्लीत इंग्रजी वाचणारी माणसं जेमतेम तीन. मी एकदा म्हटलं, अक्का, पावसाने खराब होईल, आत लावा. त्या म्हणाल्या, "आत कशाला? मला ठाव हाय की. ज्यांना ठाव न्हाई त्यांच्यासाठी लावलाय."

त्या कागदात लिहिलं होतं की या बाईंना आपल्या घरातून, आपल्या यंत्रावर, हौस म्हणून, जगभरातल्या अशाच हौशी माणसांशी बिनतारी बोलायला सरकारची हरकत नाही. बोलायचं म्हणजे तोंडाने नव्हे, तारमास्तर वाजवतात त्या कडकट्टच्या भाषेत. या कामाला बिनतारी कोण म्हणालं ते मला माहीत नाही, पण त्याने अक्कांची तार पाहिलेली नसणार. अक्कांचं सगळं आयुष्य त्या एका तारेने बांधलेलं होतं.

मी वालूरला आले ती मुलींच्या शाळेत मास्तरीण होऊन. निजामाचं राज्य जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती, उर्दू पाट्या पुसून मराठी पाट्या लागत होत्या, आणि बाहेरगावच्या एकट्या बाईला खोली द्यायला गावात कोणी तयार नव्हतं. अक्कांनी दिली. अट एकच घातली, तारेला धुणं वाळत घालायचं नाही. मी पहिल्याच रविवारी घातलं. म्हणजे वरच्या तारेला नव्हे, ती तर वीस हात उंच होती. तिच्या मधोमधून खिडकीकडे उतरणारी जी जोडवायर होती, तिला मी दोरी समजले. अक्कांनी माझं ओलं पातळ काढलं, पुन्हा एकदा पिळलं, नीट घडी केली आणि माझ्या हातात दिलं. त्यानंतर मी सहा वर्षं त्या घरात राहिले, पण तेवढी शरम मला पुन्हा वाटली नाही.

अंगाने अक्का बुटक्या आणि गच्च. इरकली लुगडं, कपाळाला भस्म, गळ्यात चांदीच्या करंडकातलं लिंग. सकाळी अंघोळ करून तळहातावर लिंग घेऊन पूजा करायच्या, आणि पूजा आटोपली की तोच पदर डोक्यावर तसाच ठेवून त्यावर यंत्राला जोडलेले कानाचे डबे चढवायच्या. या दोन गोष्टींच्या मध्ये त्या कोणाशी बोलत नसत. चहासुद्धा नंतर.

त्यांचे यजमान शिवलिंगअप्पा रेल्वेत तारमास्तर होते. नोकरी संपल्यावर मुंबईच्या जुन्या बाजारातून लढाईतलं एक मोडकं यंत्र त्यांनी आणलं, दुरुस्त केलं आणि परवाना काढला. वालुरात वीज नव्हती. बॅटऱ्या बैलगाडीत घालून सेलूच्या जिनिंगच्या इंजिनावर भरून आणाव्या लागत. अप्पा देवमाणूस, पण गुडघे गेलेले आणि उंचीची भीती. ओट्यावरून उतरतानाही भिंत धरायचे. त्यामुळे पहिल्यापासून वाटणी ठरलेली होती. कडकट्ट वाजवायचा खटका अप्पांनी दाबायचा, तार अक्कांनी बांधायची.

आणि तार बांधणं म्हणजे दोन टोकं कुठेतरी अडकवणं नव्हे, हे मला अक्कांकडे राहून कळलं. तारेची लांबी लहरीच्या मापाची लागते. अप्पांनी पुस्तकातून हिशेब काढून पहिल्या वेळी सांगितलं, चव्वेचाळीस हात. अक्कांनी कोपरापासून बोटापर्यंत मोजून चव्वेचाळीस हात तार कापली, मधोमध तोडून जोडवायर लावली, सोडावॉटरच्या बाटल्यांचे गळे दोन्ही टोकांना बांधले, कारण काचेतून वीज गळत नाही, आणि तार वर चढवली. यंत्र काही केल्या तारेशी जुळेना. अप्पांनी आठवडाभर यंत्र उघडलं, मिटलं, व्हॉल्व्ह बदलले, मुंबईच्या दुकानदाराला शिव्या दिल्या. शेवटी अक्कांनी शिंप्याकडून फूटपट्टी आणून आपला हात मोजला. दीड फूट भरायला एक इंच कमी.

"तुमच्या पुस्तकातला हात बाप्याचा हाय," त्यांनी अप्पांना सांगितलं. "माझे सत्तेचाळीस लागतील."

नवीन तार आणली, सत्तेचाळीस हात कापली, आणि त्याच दुपारी अप्पांना मद्रासचा कोणीतरी माणूस मिळाला. पुढे अप्पांच्या ओळखीचे लोक पत्राने विचारायचे की तारेची लांबी किती ठेवावी, तेव्हा अक्का फुटांत सांगत नसत. आधी विचारायच्या, मोजणार कोण?

तारेचं एक टोक घराच्या माळवदावर उभ्या केलेल्या वाशाला होतं आणि दुसरं मागच्या अंगणातल्या कडुलिंबाला. हा लिंब गल्लीचा झोक्याचा लिंब. पंचमीला माहेरी आलेल्या लेकी त्यालाच झोका बांधायच्या. पहिल्या वर्षी अक्कांनी तार चांगली ताणून लिंबाला गच्च बांधली, आणि पंचमीच्या दुपारी दोन पोरी झोक्यावर उभ्या राहून उंच गेल्या तशी फांदी वाकली आणि तार मधूनच तुटली. अप्पा म्हणाले, पुढच्या वर्षी झोका बांधू देऊ नका. अक्का म्हणाल्या, झोका आपल्या आधीचा आहे. त्यांनी आडावरची जुनी कप्पी आणून फांदीला टांगली, तार बाटलीच्या गळ्यापर्यंत आणून पुढे दोर लावला, दोर कप्पीवरून घेतला आणि त्याच्या टोकाला जात्याची फुटकी तळी लोंबकळत ठेवली. आता फांदी हलली की दगड वरखाली व्हायचा, तार जागच्या जागी ताणलेली. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पंचमीच होती. लिंब डोलत होता, पोरी किंचाळत होत्या, दगड पाळण्यासारखा वरखाली जात होता आणि आत अप्पा कोणाशी तरी शांतपणे बोलत होते.

दुसरी गोष्ट मेंढरांची. ऐकायची म्हणून त्यांनी आणखी एक लांब तार टाकली होती. तिला जोडीला जमिनीत सळई लागते, आणि सळईभोवतीची माती ओलसर, खारट असली तर काम चांगलं होतं. आमच्याकडच्या काळीला उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात. सळई भेगेत सुटी उभी राहायची आणि कानात नुसती खरखर. पाणी ओतावं तर प्यायलाच नाही. शेतकरी धनगराला बोलावून रानात मेंढरं बसवतात, खतासाठी. अक्कांनी सटवाजी धनगराला बोलावलं आणि सांगितलं, तीन दिवस माझ्या अंगणात बसव. त्याला वाटलं बाईचं काही चुकलं, कारण अंगणात पेरायला काहीच नव्हतं. तरी तो आला. त्याच्या बायकोने अंगणाच्या कडेला कापडाचं पाल ठोकलं, दोनशे मेंढरं बसली, आम्ही नाकाला पदर लावून तीन दिवस काढले आणि चौथ्या दिवशी कानातली खरखर निम्म्यावर आली. सटवाजीने पुढे जन्मभर सांगितलं की त्याची मेंढरं रेडिओत बोलून आलेली आहेत.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं तोवर कोणाला तार खुपत नव्हती. अप्पा गेले आणि ती सगळ्यांना खुपायला लागली.

अप्पांना शेतात समाधी देऊन आले त्याच्या दहाव्या-बाराव्या दिवशी अक्कांचे धाकटे दीर काशिनाथशेठ ओट्यावर येऊन बसले. त्यांचं भुसाराचं आडत दुकान होतं आणि गावात शब्द होता. माणूस दुष्ट म्हणावा असा नव्हता. पण घरची बाई लुगड्याचा काचा मारून माळवदावर चढते, यावरून बाजारात त्यांना लोक छेडायचे, आणि ते त्यांना सहन व्हायचं नाही. वर अक्कांचं घर त्यांना पोती ठेवायला हवंही होतं. ते म्हणाले, "वयनी, दादा गेले. आता त्या तारेचं काय काम हाय? उतरवून टाका अन् आमच्याकडं या ऱ्हायला."

अक्का तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "दादा नुसता खटका दाबायचे, भावजी. तार मी बांधलेली हाय. मी हाय तवर ती ऱ्हाईल."

त्या दिवशी नंतर त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी अप्पांनीही कोणाला सांगितली नव्हती. पोलीस ॲक्शनच्या आधीचे ते महिने. त्या वेळी अप्पा फक्त ऐकायचे, पण छपरावर तार दिसली तरी माणसं संशय घ्यायची, कोण कुठल्या बाजूचं ते कोणालाच कळत नव्हतं. एका संध्याकाळी अक्कांनी घाबरून तार उतरवली, गुंडाळी केली आणि ज्वारीच्या पेवात पुरून टाकली. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी दारात आलं नव्हतं. "कुणी न येताच उतरवली, बाई," त्या मला म्हणाल्या. "त्याचाच राग हाय. एकडाव भिऊन उतरवली, आता न्हाई."

महिन्याभरात कोणाचा तरी तक्रारीचा अर्ज गेला आणि सेलूहून जमादार आले. परवाना अप्पांच्या नावाचा, तो त्यांच्याबरोबर संपला, हे अक्कांना जमादारांच्या आधी माहीत होतं. त्यांनी खटका यंत्रापासून सोडवला, धुतलेल्या फडक्यात बांधला, जमादारांच्या हातात दिला आणि पावती मागितली. म्हणाल्या, परवाना मिळेपर्यंत बोलणार नाही, पण ऐकायचा परवाना पोस्टातून काढलेला आहे, तो हा. तार ऐकायला लागते, ती राहील. जमादारांनी पावती लिहिली, चहा घेतला आणि वर तारेकडे न बघता निघून गेले.

मग अक्का परीक्षेला बसल्या. मिनिटाला बारा शब्द वाजवायचे, बारा घ्यायचे आणि इंग्रजीत पेपर लिहायचा. वाजवण्याची चिंता नव्हती. पितळेच्या पट्टीचा खटका करून त्यांनी तो भोंग्याला जोडला होता, आणि भाकरी थापतानाही तोंडाने दा-दि-दा चालायचं. चिंता इंग्रजीची. अक्कांचं इंग्रजी अप्पांच्या तारांवरून शिकलेलं. सगळी अक्षरं मोठी, आणि शब्द मोजून. तार उंच का बांधावी, याचं उत्तर त्यांनी लिहिलं त्याचा अर्थ होता: तार बुटकी, जवळ बोलते. तार उंच, लांब बोलते. शेजारी झाड बरं, शेजारी पत्रा वाईट. मी म्हटलं, अक्का, यात 'द' घाला, 'इज' घाला, वाक्य पुरं करा. त्यांनी माझ्याकडे मी काही वावगं बोलल्यासारखं पाहिलं. "तारेत 'द' घालत न्हाईत, बाई. ज्याला कळायचं त्याला कळतंय."

हैदराबादच्या केंद्रावर पहिल्या वेळी त्या पेपरात नापास झाल्या. मी रडवेली झाले, त्यांनी परत येताना गाडीतच पुस्तक उघडलं. दुसऱ्या वेळी त्यांनी प्रत्येक उत्तराशेजारी चित्र काढलं. तार, झाड, कप्पी, दगड, खाली मेंढरंसुद्धा. कोणा तपासणाऱ्याला ते पाहून काय वाटलं कोण जाणे, पण परवाना आला. अक्कांच्या स्वतःच्या नावाने, हवेत ओळख सांगायची नवी सांकेतिक अक्षरं घेऊन. त्यांनी तो बाहेर ठोकला, पावती घेतली आणि सेलूला जाऊन खटका सोडवून आणला.

त्याच आठवड्यात काशिनाथशेठनी लिंब तोडला. अप्पांच्या मागे वाटणी झाली होती आणि मागचं अंगण त्यांच्याकडे गेलेलं, पुढचं अक्कांकडे राहिलेलं, तेव्हा झाड त्यांचं. गोदाम बांधायचं आहे, म्हणाले. मी शाळेतून आले तेव्हा लिंब आडवा पडलेला होता आणि त्याच्या फांद्यांत तार गुंतलेली. अक्का फांद्यांत वाकून ती सोडवत होत्या, एकेक पीळ उलगडत, कुठे तुटू न देता. मला वाटलं त्या रडत असतील. पुढे जाऊन पाहिलं तर त्या तार मोजत होत्या.

आठ दिवस त्यांचा विचार चालला होता. पाटीवर चित्रं काढायच्या आणि मला समजावून सांगायच्या, मला कळो न कळो. महादेवाच्या देवळाच्या शिखराला दुसरं टोक बांधता आलं असतं, पुजारी तयार होता. पण उद्या कोणी पुजाऱ्याला काही सांगितलं तर? भिंतीच्या कडेकडेने बुटकी तार टाकता आली असती. ती चाललीही असती, पण जवळच्याशीच बोलली असती. "म्हंजी मी सेलू-जिंतूरशी बोलायचं," त्या म्हणाल्या, "तिथं तर बैलगाडी जाती." नवव्या दिवशी त्यांना सटवाजीचं पाल आठवलं. पालाला दोन झाडं लागत नाहीत. मध्ये एक काठी, आणि कापड दोन्हीकडे उतरतं. तार तशी बांधली तर? मध्ये एक उंच खांब, तारेचा मधला भाग वर, दोन्ही टोकं उतरत येऊन आपल्याच कुंपणाच्या दोन कोपऱ्यांवर, कोणाचा हात लागणार नाही इतक्या उंचीवर. अशी तार सगळ्या दिशांना जवळजवळ सारखी बोलते, हेही त्यांनी पुस्तकात शोधून काढलं.

खांबासाठी दोन लांब वेळू एकमेकांना जोडून, अंबाडीच्या दोरांनी आवळून, वर डांबर लावून वीस हातांचा खांब झाला. पण तो उभा करायला दहा-बारा माणसं हवीत, आणि गल्लीतला एकही पुरुष येईना. सगळ्यांचा माल काशिनाथशेठच्या आडतीवर. कोणाची पाठ दुखत होती, कोणाचं औत अडलं होतं. एकाने तर सरळ सांगितलं, अक्का, आमच्यानं व्हायचं न्हाई. त्याचा अक्कांना राग आला नाही, इतरांचा आला.

तेवढ्यात पंचमी आली, आणि माहेरी आलेल्या लेकींना कळलं की लिंब नाही. काशिनाथशेठना हे सुचलंच नव्हतं. त्यांनी तार पाडायला झाड तोडलं, आणि गल्लीभरच्या पोरींचा झोका गेला. त्यांची स्वतःची लेक पोखर्णीहून पहिल्या पंचमीला आली होती. ती मागच्या दारात जाऊन त्या खोडाकडे बघत राहिली आणि बापाशी दिवसभर बोलली नाही. दुपारी हातात पुरणाची ताटं घेऊन बायका अक्कांच्या अंगणात जमल्या. अक्का म्हणाल्या, "आलाच हाव तर दोर धरा."

पंचमीला माती खणत नाहीत, हे अक्कांना ठाऊक होतं, म्हणून खड्डा त्यांनी आदल्या दिवशीच पहारीने खणून ठेवला होता. कोणी मदतीला येणार हे माहीत नसताना खणला होता. चार दिशांना चार दोर, प्रत्येक दोराला तीन-तीन बायका, हातात नव्या बांगड्या, अंगावर माहेरची लुगडी. पूर्वेच्या दोराला काशिनाथशेठची लेक. अक्का खांबाच्या बुडाशी, पाय रोवून. मी त्यांच्या शेजारी, कामाची कमी आणि भीतीची जास्त. खांब अर्ध्यावर आला आणि एकीकडे कलला. कोणीतरी दोर सोडणार असं वाटलं. अक्का आवाज न चढवता म्हणाल्या, सोडू नका, नुसती ढील द्या. दोर हळूहळू सुटला, समोरचा ताणला गेला आणि खांब सरळ झाला. तार दोन्हीकडे उतरली. एका बाईने नकळत हात जोडले, आणि मग सगळ्याच हसल्या.

अक्का आत गेल्या. खिडकीबाहेर आम्ही तेरा बायका. बराच वेळ नुसता खटका वाजत राहिला, मग थांबला, आणि अक्का पेन्सिलीने लिहायला लागल्या. बंगळूरचा कोणी माणूस होता. या हौशी लोकांत पहिल्या भेटीत नाव, गाव आणि तार कोणती ते सांगायची पद्धत आहे. त्याने विचारलं, तुमची तार कशी आहे? अक्कांनी वाजवलेलं उत्तर मी नंतर त्यांच्या वहीत वाचलं. चारच शब्द होते. पालाची तार. खांब स्वतःचा. इंग्रजीत तेवढंच होतं, 'द' नव्हता. मला तेव्हा इतका अभिमान वाटला की मीच परीक्षा पास झाले असं वाटलं.

दिवाळीच्या आधी माझी बदली झाली. मी निघाले त्या सकाळी परतीचा पाऊस येण्याचं वारं सुटलं होतं. गल्लीत धूळ, पाचोळा, कोणाच्या छपराचा पत्रा वाजत होता. बैलगाडीत ट्रंक चढवून मी अक्कांना नमस्कार करायला अंगणात गेले. खांब वाकत होता आणि सरळ होत होता. अक्का काचा मारून पश्चिमेचा दोर खुंटीला पुन्हा आवळत होत्या. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली, हात मोकळा नव्हता. पलीकडून कुंपणावर डोकं काढून काशिनाथशेठ उभे होते. या वेळी त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. ते ओरडून म्हणाले, "वयनी, वारं लय हाय. खांब पडला म्हंजी?"

अक्कांनी दोराची गाठ मारली, ओढून पाहिली, आणि वर न बघता म्हणाल्या, "पडला तर माझ्याच अंगणात पडल."